आर्किटेक्चर शिकवायचे असेल, तर आधी बांधकामावर उभे राहावे लागेल

सप्रेम नमस्कार,

मिरजेहून पाठवलेले तुमचे पत्र मिळाले. तुमची मुलगी कोल्हापूरच्या एका महाविद्यालयात बी.आर्क.च्या, म्हणजे वास्तुकलेच्या पदवीच्या, चौथ्या वर्षाला आहे आणि पुढच्या वर्षी तिला एका सत्राचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यायचे आहे. तिने पदवीनंतर सांगलीत ऑफिस थाटावे अशी तुमची इच्छा आहे, पण तिला मात्र शिकवायचे आहे, आणि एवढ्यावर न थांबता कधी तरी एखादे महाविद्यालय चालवायचे आहे. नातेवाइकांचे म्हणणे तुम्ही लिहिले आहे: ज्याला काम मिळत नाही तो शिकवतो, आणि संगणकच घराचे चित्र काढून देऊ लागला तर ही महाविद्यालये तरी किती दिवस उघडी राहणार? या मार्गाला भविष्य आहे का आणि प्राचार्यपदापर्यंत माणूस पोहोचतो कसा, असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत स्पष्ट आहे. तिने शिकवण्याच्या क्षेत्रात जरूर जावे. फक्त पदवीनंतर थेट वर्गात जाऊ नये. निदान काही वर्षे बांधकामावर उभे राहून, गवंड्याशी बोलून, बिलांवर सह्या करून आणि एखादी इमारत पायापासून छतापर्यंत पुरी होताना पाहून मग वर्गात जावे. वास्तुकलेच्या शिक्षणाचे पुढे काय होणार, हे माझ्या मते अशा माणसांच्या हाती महाविद्यालये जातात की नाही यावरच ठरणार आहे.

शिकवणे म्हणजे दुय्यम काम, हा समज आपल्याकडच्या इतिहासाशी जुळत नाही. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत वास्तुकलेचे शिक्षण ज्यांच्या काळात रुळले ते क्लॉड बॅटली एकीकडे विभागाचे प्रमुख होते आणि दुसरीकडे शहरातल्या एका नावाजलेल्या कंपनीचे भागीदार वास्तुविशारद होते. पुण्यात १९२७ साली जन्मलेले आणि जे.जे.मध्येच शिकलेले बाळकृष्ण दोशी यांनी पॅरिसला ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाकडे काम केले, भारतात परतून स्वतःचे ऑफिस उभे केले आणि १९६२ साली, वयाच्या पस्तिशीच्या आत-बाहेर, अहमदाबादला आर्किटेक्चरची शाळा काढली. आज तीच सेप्ट विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. शाळेची इमारतही त्यांनीच आखली. विटांच्या समांतर भिंती, उत्तरेचा शांत उजेड घेणारे स्टुडिओ, म्हणजे डिझाइन शिकण्याचे वर्ग, आणि खाली बसायला-भांडायला मोकळी, सावलीची जागा. विद्यार्थी वर्गाबाहेरही एकमेकांकडून शिकतात, हा विचार त्यांनी विटा-सिमेंटमध्ये मांडला. २०१८ साली त्यांना वास्तुकलेतले सर्वोच्च मानले जाणारे प्रित्झकर पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांच्या बांधकामांइतकेच त्यांच्या अध्यापनाचेही कौतुक झाले. शिकवणे आणि बांधणे त्यांनी कधी वेगळे केले नाही, आणि तुमच्या मुलीने त्यांच्याकडून घ्यायचे ते हेच.

आता अडचण कुठे आहे तीही सांगतो. गेल्या काही दशकांत महाविद्यालये झपाट्याने वाढली आणि शिक्षकांची गरज त्याहून वेगाने वाढली. त्यामुळे बी.आर्क. झाले, लगेच एम.आर्क. ही पदव्युत्तर पदवी झाली आणि लगेच शिकवायला लागले, अशी पिढी वर्गांत आली. त्यांचा अभ्यास कमी नाही, पण स्टुडिओत उणीव दिसते. एखाद्या ज्युरीचा, म्हणजे विद्यार्थ्यांनी परीक्षकांपुढे आपले डिझाइन मांडण्याचा, प्रसंग घ्या. भिंतीवर संगणकाने रंगवलेले देखणे चित्र लावलेले असते, संध्याकाळचा सोनेरी उजेड, झाडे, फिरणारी माणसे, सगळे काही. बाहेरून आलेला परीक्षक जिन्याजवळ बोट ठेवून विचारतो की इथून वर जाताना डोके वरच्या स्लॅबला लागेल का. विद्यार्थिनी गोंधळते, कारण तो सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, तिने काढलेलाच नसतो, आणि सत्रभर तिच्या शेजारी बसलेल्या शिक्षकालाही तो मागावासा वाटलेला नसतो. ज्याने एकदा तरी चुकीच्या मापाचा जिना फोडून पुन्हा ओतलेला पाहिला आहे, तो शिक्षक पहिल्याच आठवड्यात सेक्शन मागतो. वास्तुविशारदांची नोंदणी आणि शिक्षणाचे निकष पाहणाऱ्या वास्तुकला परिषदेच्या १९८३ च्या किमान मानकांतही संस्थांनी शिक्षकांना व्यावसायिक काम करण्यास उत्तेजन द्यावे असे म्हटले होते. कागदावरचा हा विचार प्रत्यक्षात किती उतरला, हे ज्या त्या महाविद्यालयाच्या प्रमुखावर अवलंबून राहिले.

संगणकाच्या प्रश्नालाही याच बाजूने उत्तर देता येते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने काही सेकंदांत वीस दर्शनी चित्रे काढून देतात, आणि केवळ सुंदर शीट बनवून गुण मिळवण्याचा जमाना त्यामुळे संपत आला आहे. मला याचे वाईट वाटत नाही. सांगलीतलेच उदाहरण घेऊ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. पूर ओसरल्यावर घराघरांच्या भिंतींवर चिखलाची आडवी रेघ उरली. त्या रेघेपाशी उभे राहून नव्या घराचे जोते किती उचलायचे, विजेचे मीटर आणि धान्याची कोठी कोणत्या उंचीवर ठेवायची, म्हातारी आजी वरच्या मजल्यावर कशी चढणार, शेजारचे घर खालीच राहिले तर पाणी त्याच्याकडे ढकलले जाईल का, आणि एवढे करून घरमालकाच्या बजेटात ते बसेल का, हे ठरवण्यासाठी माणसाला त्या गल्लीत जाऊन लोकांशी बोलावे लागते. यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक हे ओळखायलाही हाच अनुभव लागतो. स्टुडिओतला विषय ‘एका कलावंताचे निवासस्थान’ असा हवेतला न राहता ‘पूररेषेतल्या गल्लीतले तीन पिढ्यांचे घर’ असा झाला, तर यंत्र विद्यार्थ्यांच्या हातातले अवजार ठरेल. मात्र असा विषय देण्याचे धाडस करणारा शिक्षक आणि त्याच्या पाठीशी उभा राहणारा प्राचार्य, दोघेही लागतात.

महाविद्यालये टिकतील का, या तुमच्या प्रश्नावर मी खोटा दिलासा देणार नाही. काही बंद पडतील. जिथे जागा रिकाम्या राहतात, शिक्षक तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे ताटकळतात, पगार वेळेवर होत नाही आणि तपासणीपुरतीच ग्रंथालयाची कपाटे भरतात, तिथे तुमच्या मुलीने पाऊल ठेवू नये. नोकरीसाठी कोणत्याही महाविद्यालयात जाण्याआधी तिने तिथल्या स्टुडिओत दुपारी चार वाजता डोकवावे. विद्यार्थी टेबलावर काम करत असतील, मॉडेलचे पुठ्ठे पसरलेले असतील आणि एखादा शिक्षक पेन्सिल हातात घेऊन कुणाच्या तरी कागदावर वाकलेला असेल, तर ती जागा जिवंत आहे. नंतर तिथल्या जुन्या शिक्षकांना विचारावे की गेल्या वर्षभरात पगार किती वेळा लांबला, बाहेरचे काम करायला परवानगी आहे का, आणि डिझाइनच्या एका शिक्षकामागे किती विद्यार्थी येतात. ही चौकशी करायला संकोच वाटू देऊ नका.

प्राचार्य किंवा डीन यांच्या कामाविषयीही थोडे खुलासेवार लिहितो, कारण तिचे स्वप्न तिथवरचे आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हे पद मानाचे आणि सह्या करण्याचे वाटते. प्रत्यक्षात वेळापत्रक, नेमणुका, परिषदेची तपासणी, विद्यापीठाचे परिपत्रक, नॅक या मूल्यांकन संस्थेसाठीचे अहवाल, फीचे हप्ते आणि संस्थाचालकांच्या अपेक्षा यांतच दिवस जातो. या रेट्यात सर्वात आधी बळी जातो तो स्टुडिओचा वेळ. सलग चार तासांची डिझाइनची बैठक मोडून तिचे दोन तुकडे केले, मध्ये एखादा भाषणाचा तास घातला, की कागदावर सगळे तास भरतात आणि शिकणे मात्र थांबते. चांगल्या प्रमुखाची पारख मी एवढ्यावरच करीन, की कितीही अहवाल अंगावर आले तरी त्याने स्टुडिओचे सलग तास मोडू दिले नाहीत आणि आठवड्यातून निदान एकदा तो स्वतः एखाद्या टेबलाशी बसला. जे.जे.च्या संस्थांना २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. स्वायत्तता घेणाऱ्या इतर महाविद्यालयांनाही अभ्यासक्रमात बदल करण्याची मोकळीक मिळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ही दारे आणखी उघडू पाहते. पण या मोकळिकीत काय घालायचे हे ज्याला कळत नाही, तो जुनाच अभ्यासक्रम नव्या नावांनी छापतो.

अशा पदासाठी कायद्याचीही जाण हवी, आणि इथे आपल्याच भागातले उदाहरण आहे. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने स्थापन झालेली वास्तुकला परिषद आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद यांच्यात अधिकार कोणाचा, हा वाद वर्षानुवर्षे महाविद्यालयांना छळत होता. कोल्हापूरच्या एका आर्किटेक्चर महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली वास्तुकलेच्या पदवीची मान्यता आणि शिक्षणाचे निकष यांबाबत वास्तुकला परिषदेचे म्हणणे ग्राह्य धरले. पुढच्याच वर्षी न्यायालयाने असेही सांगितले की हा अधिनियम ‘आर्किटेक्ट’ हे नाव नोंदणीशिवाय लावण्याला मनाई करतो, आराखडे करण्याच्या कामालाच नव्हे. पालक म्हणून तुम्ही याचा अर्थ असा घ्या, की केवळ पदवीच्या जोरावर काम राखून ठेवलेले नाही. गल्लीतला अनुभवी ड्राफ्ट्समन जे करू शकतो त्याहून अधिक काय येते, हे पदवीधराला दाखवावे लागेल, आणि ते शिकवण्याची जबाबदारी महाविद्यालयांची आहे.

आता प्रत्यक्ष मार्ग. पुढच्या वर्षीचे प्रशिक्षण तिने मोठ्या शहरातल्या चकचकीत ऑफिसात फक्त संगणकावर बसून काढू नये. जिथे साइटवर पाठवतात असे मध्यम आकाराचे ऑफिस निवडावे, मग विद्यावेतन थोडे कमी मिळाले तरी चालेल. पदवीनंतर लगेच परिषदेकडे नोंदणी करावी आणि तीन-चार वर्षे काम करावे. त्या काळातच जवळच्या महाविद्यालयात आठवड्यातून एखादा दिवस अभ्यागत शिक्षक म्हणून जाता आले तर शिकवणे आपल्याला खरोखर आवडते का, हे तिला स्वतःलाच कळेल. त्यानंतर गेट या देशपातळीवरच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतला आर्किटेक्चर आणि प्लॅनिंगचा पेपर देऊन दिल्लीचे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर किंवा आयआयटी रुरकी अशा सरकारी संस्थांत एम.आर्क.साठी प्रयत्न करावा. खर्च आटोक्यात राहतो आणि देशभरातले सहाध्यायी मिळतात. कायम स्वरूपाच्या अध्यापनासाठी पदव्युत्तर पदवी आणि वरच्या पदांसाठी पीएच.डी. व दीर्घ अनुभव लागतो, आणि अनुभवात व्यवसायातली वर्षेही मोलाची ठरतात. म्हणजे सांगलीत ऑफिस काढण्याची तुमची इच्छा आणि शिकवण्याची तिची इच्छा यांत भांडण नाहीच. तिने सुरुवातीला छोटे ऑफिस काढले तर ती उलट चांगली शिक्षिका होईल.

संशोधनासाठी विषय शोधायला तिला दूर जावे लागणार नाही. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर तिने पाहिली नसेल तर एखाद्या रविवारी दाखवा. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत बांधलेली ही दगडी विहीर सुमारे ११० फूट खोल आहे. मोटांचे पाणी ओतण्याची थारोळी, उतरत जाणारा जिना आणि पाण्याच्या वर बांधलेली बसण्याची दालने एकाच रचनेत गुंफलेली आहेत. टेप, ओळंबा आणि वही घेऊन तिने तिथे दिवसभर एकाच कोपऱ्याची मापे घेतली, तर भार, पाणी, गारवा आणि माणसांचा वावर यांचा विचार एकत्र कसा होतो हे तिला हाताने समजेल. शिवाय वाईचे घाट आणि मेणवलीचा वाडा आहे, ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर बदललेली घरबांधणी आहे, आणि २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठा दुर्गांपैकी प्रतापगड साताऱ्यातच आहे. यादीत नाव लागल्यामुळे तिथे येणारी गर्दी, पाणी, शौचालये आणि दुकाने यांचे नियोजन कुणीतरी अभ्यासून करायला हवे. यांतला एखादा विषय पदवीच्या थिसिसपासून धरून पीएच.डी.पर्यंत नेणारी व्यक्ती या जिल्ह्यांत दुर्मीळ आहे, आणि इथल्या महाविद्यालयांना नेमक्या अशाच प्रमुखाची गरज पडणार आहे.

तूर्त तिला दोन गोष्टी करायला सांगा: प्रशिक्षणासाठी ज्या पाच-सहा ऑफिसांना अर्ज करायचा आहे त्यांची चालू बांधकामे स्वतः जाऊन पाहणे, आणि आपल्या आवडत्या शिक्षकाची परवानगी घेऊन खालच्या वर्गाच्या एका ज्युरीला मागे बसून ऐकणे. ही दोन्ही कामे या सत्राची परीक्षा सुरू होण्याआधी उरकावीत, म्हणजे प्रशिक्षणाचा अर्ज वेळेत जाईल. ऑफिसांची नावे ठरली की ती यादी मला पाठवा. कुठे साइटचे काम शिकायला मिळेल याविषयी माझे मत मी कळवीन.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक, सांगली