जुन्या पिनबॉलवर २,६०० डॉलर घालावेत का?

प्रश्न (थोडक्यात): शिकागोजवळ राहतो. बॅली कंपनीचं १९७७ सालचं ‘एट बॉल’ पिनबॉल मशीन (काचेखाली बॉल उडवत खेळायचा खेळ) १,४०० डॉलरला घेतलं. पॉप बंपरभोवतीचा (बॉल आदळला की त्याला उडवणारा गोल खांब) रंग उडून लाकूड दिसतंय. एक कारागीर प्लेफिल्ड (बॉल फिरतो ती रंगवलेली लाकडी फळी) नवं करून द्यायचे २,६०० डॉलर सांगतोय. क्रेडिट कार्डावर काम करून घेऊ का? विकताना वसूल होतील ना? मुलगी दोन वर्षांनी कॉलेजला जाईल.

उत्तर: वसूल होतील असं धरून चालू नका. ‘एट बॉल’ची २०,२३० मशीनं निघाली. इलेक्ट्रॉनिक पिनबॉलमधला हा विक्रम मोडायला १९९२ची ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ यावी लागली, तीही फक्त ४० मशीनं जास्त विकून. म्हणजे तुमचं मशीन लाडकं आहे, दुर्मिळ नाही. दुरुस्तीनंतर तुमचे ४,००० डॉलर गुंतलेले असतील. चांगल्या प्लेफिल्डचं ‘एट बॉल’ प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते बघा. मागितलेली किंमत धरू नका. तोटा झाला तर घरगुती वापराची वस्तू म्हणून करात वजावटही मिळणार नाही. नफा झाला तर त्यावर मात्र कर आहे.

कार्डावर तर अजिबात नको. वीस टक्क्यांच्या आसपास व्याज भरत राहिलात तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल.

कारागिराची मजुरी मला अवाजवी वाटत नाही. सगळे भाग उतरवायचे, वर-खाली झालेले इन्सर्ट (फळीत बसवलेले, खालून दिवा लागणारे प्लास्टिकचे तुकडे) सपाट करायचे, रंग जुळवायचा, मग क्लिअरकोट, म्हणजे वरचा पारदर्शक लेप. वेळखाऊ काम आहे. पैसे वाचवायला तो क्लिअरकोट गॅरेजमध्ये स्वतः मारू नका. त्यातल्या आयसोसायनेट या घातक रसायनापुढे साधा मास्क पुरत नाही.

आज खर्च दुसरीकडे हवा. मागच्या पेटीतल्या मुख्य बोर्डावर मूळ बॅटरी असेल तर ती आधी काढून घ्या. ती गळली की बोर्ड खाते, आणि खेळच बंद पडतो. खरचटलेला बॉल बदला, प्लेफिल्ड पुसून वॅक्स लावा, उघड्या लाकडावर मायलर (पारदर्शक चिकट प्लास्टिक) चिकटवा. झीज बरीच थांबेल. मात्र सुटत आलेल्या रंगावर मायलर नको, काढताना रंगही निघेल.

पूर्ण काम मुलीच्या फीची तजवीज झाल्यावर, रोख साठवून, स्वतःच्या आनंदासाठी जरूर करा. आगाऊ रक्कम देण्याआधी त्याच कारागिराने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेलं मशीन बघून या आणि इन्सर्टच्या कडांना क्लिअरकोट तडकलाय का, ते तपासा.