देणगीचं आवाहन लिहिताना संशोधनाचा खरंच उपयोग होतो का?

हो, होतो. प्रश्न असा आहे की संस्थेसाठी निधी उभा करताना आकडेवारी द्यावी की एखाद्याची गोष्ट सांगावी. माझं मत: आधी एकाच माणसाची गोष्ट.

डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका मुलीची ओळख करून दिल्यावर लोकांनी जास्त पैसे दिले. लाखो भुकेल्यांची आकडेवारी वाचून दिलेली रक्कम बरीच कमी होती. लक्षात ठेवण्यासारखं पुढेच आहे: त्या मुलीच्या गोष्टीला आकडेवारी जोडली, तर देणगी पुन्हा घटली. म्हणून आकडे अहवालात द्या, पहिल्या परिच्छेदात नको. आणि गोष्ट खरी हवी, त्या व्यक्तीच्या संमतीने सांगितलेली. तिचा मान राखूनच लिहा, कितीही पैसे मिळणार असले तरी.

दुसरं, 'तुम्ही द्याल तेवढीच भर आमचा एक देणगीदार घालेल' हे आवाहन. डीन कार्लन आणि जॉन लिस्ट यांनी अमेरिकेत सुमारे ५० हजार जुन्या देणगीदारांना पत्रं पाठवून हे तपासलं. प्रत्येक पत्रामागे मिळणारी रक्कम १९ टक्क्यांनी वाढली. दुप्पट-तिप्पट भर घालण्याच्या वचनाने मात्र त्याहून जास्त काही मिळालं नाही, म्हणजे एकास एक पुरे.

तुमची यादी मोठी असेल तर तिचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग करा, दोन वेगळी पत्रं पाठवा आणि स्वतःच मोजा.