कंपनीतलं मोठं पद सोडून विदर्भात गावाकडे कोचिंग आणि बदल-सल्ल्याचं काम सुरू केलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय, बावीस वर्षं कंपनीत काढली, शेवटची काही प्लांट हेड म्हणून. आता यवतमाळकडे परतून हे काम, म्हणजे प्रश्न विचारून माणसाला स्वतःचा विचार करायला लावणं (कोचिंग) आणि धंद्यातली कामाची पद्धत बदलायला मदत करणं (बदल-सल्ला), स्वतंत्रपणे करायचं आहे, जमेल का? जमतं. मी हिंगणघाट तालुक्यात सहा वर्षांपासून करतोय. पहिलं दीड वर्ष मात्र घरच्या शिलकीवर गेलं.

आधी एक सांगतो, पाटीवर 'कोचिंग' लिहू नका. मी लिहिलं होतं. पहिल्याच आठवड्यात एक काकाजी बारावीतल्या पोरीला घेऊन आले, नीटची फी हप्त्यानं चालेल का विचारायला. चहा पाजून पाठवलं. आता पाटीच नाही. काम लग्नाच्या पंगतीत नाहीतर बाजार समितीच्या आवारात, या तोंडून त्या तोंडी जातं.

नोकरीत लोक माझं ऐकायचे ते खुर्चीमुळे, हे पहिल्याच जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) कळलं. मालकाची तक्रार अशी, की ओला कापूस घेतला जातो आणि पाण्याचे पैसे कापसाच्या भावानं जातात. (सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळसुद्धा 12 टक्क्यांवर ओलावा असला की माल घेत नाही.) ओलावा मोजायचं मीटर होतं, पण गेटवर माल पारखणाऱ्या ग्रेडरच्या ड्रॉवरमध्ये. मी जुन्या सवयीनं कार्यपद्धती लिहिली, भिंतीवर लावली, मीटिंग घेतली. आठ दिवसांत मीटर परत ड्रॉवरमध्ये.

ग्रेडर म्हणाला, "साहेब, तीस वर्सं झाले ह्या हाताले. तुमचं मशीन काय सांगन?"

माणूस आडमुठा नव्हता. गेटवर त्याचा हात हाच त्याचा मान होता. मग मी रोज सकाळी प्लास्टिकची खुर्ची टाकून त्याच्याशेजारी बसू लागलो. रजिस्टरमध्ये दोन रकाने केले: आधी हाताचा अंदाज, मग मीटरचा आकडा. दुपारच्या मालात त्याचा हात बिनचूक निघाला. दहिवरात वेचलेल्या कापसात मात्र दोन-तीन टक्क्यांनी फसायचा. चौथ्या दिवशी सकाळच्या गाड्यांना त्यानंच मीटर मागितलं. संस्थेत बदल कसा घडवायचा यावरचे लेविनचे तीन टप्पे, कॉटरच्या आठ पायऱ्या मला पाठ होत्या. त्यातलं गेटवर उपयोगी पडलं ते एवढंच: बदलात समोरच्याचं काय जातंय, ते आधी पाहायचं.

कोचिंग वेगळं, त्याची सल्ल्याशी गल्लत करू नका. तिथं उत्तर द्यायचं नसतं, आणि साहेबकी केलेल्या माणसाला तेच जड जातं. मालक सर्टिफिकेट विचारत नाही, तरी रीतसर शिका. आयसीएफच्या (कोचिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) पहिल्या पातळीला 60 तासांचं प्रशिक्षण आणि 100 तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, त्यातले निदान 75 तास पैसे घेऊन केलेले. मला तिथून मिळालेली कामाची गोष्ट म्हणजे तिघांचा करार: पैसे देणारा, शिकणारा आणि आपण. कारण इथं पैसे बाप देतो आणि समोर बसतो तो पुण्याहून परतलेला पोरगा. रात्री नऊला फोन येतोच, "काय म्हणून राहिला होता तो?" पोराचं बोलणं बापाला सांगायचं नाही, असं करारात आधी ठरलं असेल तरच "त्यालाच विचारा भाऊ" म्हणता येतं. नसेल तर पोरगाही जातो आणि तालुक्यात तुमचं नावही.

पैशाचं थोडक्यात. फी कंपनीकडून आली की 10 टक्के टीडीएस कापून येते. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असली तर जीएसटी नोंदणीची गरज नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांवर (एफपीओ) घर चालेल असं धरू नका. केंद्राच्या 10,000 एफपीओंच्या योजनेत एका कंपनीला तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त 18 लाख व्यवस्थापन खर्च मिळतो. त्यात सीईओचा पगार, हिशेबनीस, ऑफिस. तुमच्यासाठी काय उरणार? मी दोन कंपन्यांना नाममात्र फीवर वेळ देतो, कारण माझेच गाववाले आहेत.

अठरा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. आणि दसऱ्यानंतर येऊ नका. तेव्हा जिन रात्रंदिवस चालतात, मालक हिशेबाच्या वहीतून मान वर काढत नाही. पोळ्याच्या आधी या. मशिनी खोलून ठेवलेल्या असतात, मालक अंगणात खुर्ची टाकून बसलेला असतो. बोलतो भरपूर. पैसे मात्र दिवाळीनंतरच देतो.