बेसचं पेडल थेट साउंड सिस्टिमला जोडताना आउटपुट किती ठेवायचं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मल्टीइफेक्ट पेडल घरी हेडफोनवर झकास वाजतं. तेच थेट साउंड सिस्टिमला दिलं तर एका कार्यक्रमात आवाज फाटला आणि पुढच्या कार्यक्रमात बेस आहे की नाही तेच कळेना. मग नॉब ठेवायचा तरी कितीवर?

मी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो आणि हे दोन्ही प्रकार एकाच संध्याकाळी भोगलेत. आधी न ऐकू येणाऱ्या बेसचं बघू. तिथे नॉबचा काही दोष नसावा, वायरचा असावा असा माझा दाट संशय आहे.

छोट्या पेडलला पुष्कळदा एकच आउटपुट असतं, हेडफोनही त्यातच लावायचा. म्हणजे ते स्टिरिओ झालं: जॅकच्या टोकावर डावा आवाज, मधल्या कड्यावर उजवा. मिक्सरचा लाइन इनपुट (यंत्रांचा जोरकस सिग्नल घेणारा) दिसायला तसाच, पण तो बहुतेक वेळा बॅलन्स्ड असतो. टोक आणि कडं यांच्यातला फक्त फरक तो पुढे पाठवतो. दोन्हीकडे स्टिरिओ पी-३८ (पाव इंची जाड जॅक) असलेली वायर लावलीत की डाव्यातून उजवा वजा होतो. बेसचा कोरा आवाज दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे हातात शून्य. कोरस किंवा रिव्हर्ब लावला असेल तर तेवढाच पातळ, भुतासारखा ऐकू येतो. स्टिरिओ पी-३८ वरून एक्सएलआर (माइकची तीन पिनांची पिन) केलेली वायर स्टेजबॉक्सला, म्हणजे स्टेजवरच्या मिक्सरकडे जाणाऱ्या जोडणीच्या पेटीला, लावली तरी तेच.

एका लग्नात माझं अगदी असंच झालं. आवाज येईना म्हणून मी पेडल फुल केलं, तिकडे साउंडवाल्याने गेन (मिक्सरमध्ये येणारा सिग्नल वाढवणारा नॉब) फुल केला. मग त्याच्या पोऱ्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने वायर बदलून साधी मोनो लावली. पहिल्या सुराला अख्ख्या मांडवाने माना वळवल्या. तेव्हापासून माझ्या बॅगेत माझी स्वतःची वायर असते: पेडलच्या बाजूला स्टिरिओ जॅक, पण फक्त डावी बाजू पुढे नेणारी. साधी मोनो वायर लावली तर उजवी बाजू ग्राउंडला टेकते. पुष्कळ पेडलना ते चालतं, तरी मॅन्युअलमध्ये बघून घ्या. पेडलला डावं-उजवं वेगळं आउटपुट असेल तर हा प्रश्नच येत नाही. ज्यावर मोनो लिहिलंय तेच वापरा, सहसा ते डावं असतं.

आता फाटण्याचं. माइकचा सिग्नल व्होल्टच्या काही हजारांश भागाइतका असतो. व्यावसायिक लाइन लेव्हल म्हणजे +४ डीबीयू, साधारण १.२३ व्होल्ट. घरगुती लाइन −१० डीबीव्ही, म्हणजे ०.३२ व्होल्टच्या आसपास. पेडल यांतलं नेमकं काय देतं हे नॉबवर आणि पॅचवर (पेडलमध्ये साठवलेल्या इफेक्टच्या सेटिंगवर) ठरतं, आणि स्लॅपचा, म्हणजे अंगठ्याने तारेवर मारलेला, एखादा फटका सरासरीच्या कित्येक पट वर जातो. हा सगळा ऐवज माइकच्या इनपुटमध्ये ओतला तर गेन शून्यावर असूनही तो फाटू शकतो. अशा वेळी मिक्सरवर पॅडचं (येणारा सिग्नल खाली आणणारं) बटण असेल तर ते दाबायला सांगा, नाहीतर लाइन इनपुट मागा. सर्वांत उत्तम म्हणजे मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा सिग्नल माइकच्या इनपुटजोगा करणारी छोटी पेटी. साधा ट्रान्सफॉर्मरवाला डीआय सिग्नल सुमारे २० डीबीने खाली आणून माइकच्या इनपुटला पचेल असा करतो, आणि ग्राउंड लिफ्टचं (ग्राउंडची जोडणी तोडणारं) बटण दाबलं की घूंऽऽ असा हमही बहुधा जातो. (हम घालवायला थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढणारे महाभाग मी पाहिलेत. बेसच्या तारांना हात आपला असतो, शॉक आपल्यालाच बसेल, हे लक्षात असू द्या.)

पेडलवर मी करतो ते एवढंच. इफेक्ट बंद असताना जितका आवाज, तितकाच चालू केल्यावर यायला हवा. मास्टर मधोमध किंवा थोडा वर. साउंड चेकला हळुवार वाजवून उपयोग नाही. त्या रात्रीचं सर्वांत जोरकस गाणं, त्याच पॅचवर, खऱ्या ताकदीने वाजवायचं आणि साउंडवाल्याला त्यावर गेन लावू द्यायचा. डिजिटल मिक्सर असेल तर फटके मीटरवर −६ डीबीच्या खालीच राहिलेले बरे. मग उरलेले पॅच एकेक वाजवून त्याला मीटर बघायला सांगायचं. कानावर भरवसा नको: ओव्हरड्राइव्हमध्ये (मुद्दाम फाटका आवाज देणारा इफेक्ट) चढउतार दाबले गेल्याने आवाज मोठा भासतो, मीटर मात्र स्वच्छ स्लॅपला उडी मारतो. फरक दिसला तर त्या पॅचची लेव्हल बदलायची. मास्टरला पुन्हा हात नाही.

कार्यक्रम सुरू असताना तर नाहीच नाही. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून पेडल वाढवलं की मॉनिटरबरोबर बाहेरचे स्पीकरही वाढतात. साउंडवाला तिकडे फेडर खाली घेतो, तुम्ही इकडे आणखी वाढवता, आणि शेवटी फाटतो तो चॅनल. मॉनिटरमध्ये बेस हवा तर त्याला खूण करा.

हेडफोनवर बनवलेल्या पॅचचं आणखी एक. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून घरी आपण तो चढवून ठेवतो. तोच पॅच मोठ्या सबवर (फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरवर) गेला की नुसतं ढब् ढब्. चार तारांच्या बेसची मोकळी ई म्हणजे ४१ हर्ट्झ. त्याखाली लो कट (खालचा खर्ज कापणारा फिल्टर) लावलात तर सूर काहीच जात नाही, उलट सिस्टिम मोकळी होते. कॅबिनेट सिम्युलेशन (अँपच्या स्पीकरपेटीची नक्कल करणारा इफेक्ट) साउंड सिस्टिमला देताना चालू ठेवा, तालमीला बेस अँपला जोडताना बंद करा. अँपच्या पुढच्या इनपुटला द्यायचं तर पेडलच्या सेटिंगमध्ये इन्स्ट्रुमेंट लेव्हल निवडा. लाइनचा पर्याय मागच्या इफेक्ट रिटर्नसाठी.

आणि वायर काढण्या-घालण्याआधी चॅनल म्यूट करायला आणि ४८ व्होल्टचं फँटम (मिक्सर माइकला वायरमधूनच देतो ती वीज) बंद करायला सांगा. नाहीतर जो धडाम् आवाज येतो त्यानंतर साउंडवाला रात्रभर तुमच्याशी बोलत नाही.