थँक्सगिव्हिंगला पहिल्यांदाच टर्की करतोय. १२ माणसं, त्यातली ४ शाकाहारी, ओव्हन एकच. तयारी कधीपासून करावी?

तुमच्या प्रश्नातली खरी अडचण टर्की नाही, एकच ओव्हन ही आहे. त्यामुळे पाककृती नंतर शोधा, आधी वेळ आखा.

टर्की खाणारे ८, म्हणजे १२ पौंडांचा पक्षी पुरेसा आहे (माणशी दीड पौंड, हाडांसकट). वीस पौंडी घेऊ नका. तो फ्रिजमध्ये मावत नाही, भाजायला तासभर जास्त लागतो आणि मांड्या शिजेपर्यंत छातीचं मांस कोरडं पडतं.

बहुतेकांचं घोडं बर्फ सुटण्यावर अडतं. फ्रिजमध्ये दर ४-५ पौंडांना २४ तास लागतात, म्हणजे १२ पौंडांना तीन दिवस. थँक्सगिव्हिंगच्या (अमेरिकेत तो सण गुरुवारी असतो) जेवणासाठी शनिवारी रात्रीच टर्की फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, खोलगट ट्रेमध्ये ठेवा. बाहेर ओट्यावर ठेवू नका. आत बर्फ असतानाच वरचं मांस खराब व्हायला लागतं. बुधवारी रात्री लक्षात आलं तर वेष्टनासकट गार पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाला पाणी बदला. पौंडाला अर्धा तास, म्हणजे सहा तास जागरण. आणि मग लगेच शिजवावीच लागते.

मंगळवारी रात्री मीठ चोळा, पण आधी वेष्टन वाचा. दुकानातल्या बऱ्याच फ्रोझन टर्कींना मिठाचं पाणी आधीच टोचलेलं असतं, तसं लिहिलं असेल तर वरून मीठ नको. नसेल तर जाड, हलकं कोशर मीठ ३ मोठे चमचे. बारीक मीठ असेल तर निम्मं. पोटातून आणि मानेच्या पोकळीतून कलेजी-पेट्याची पिशवी काढायला विसरू नका. पक्षी नळाखाली धुऊ नका, जंतू सिंकभर उडतात. कागदाने टिपून घ्या. मग न झाकता फ्रिजमध्ये ठेवा, कातडी सुकली की कुरकुरीत होते. मसाला लावायचाच असेल तर लोण्यात कालवून कातडीच्या आत सारा. वरून लावलेलं आलं-लसूण तीन तासांत काळं पडून कडवट होतं.

क्रॅनबेरी सॉस सोमवारीच करून टाका: १२ औंसांची पिशवी, १ कप साखर, १ कप पाणी, दहा मिनिटांत फळं फुटतात. पातळ वाटला तरी आटवत बसू नका, गार झाल्यावर घट्ट होतो. पंपकिन पाय बुधवारी. डबा साध्या भोपळ्याच्या गराचा घ्या. ‘पाय मिक्स’मध्ये साखर-मसाला आधीच असतो. मध्यभाग किंचित थरथरत असतानाच बाहेर काढा, नाहीतर वर तडे जातात.

आता गुरुवार. जेवण ४ वाजता धरलं तर टर्की ११:३० ला ३२५ अंश फॅरनहाइटवर आत. साधारण तीन तास लागतात, पण घड्याळावर विसंबू नका. पक्ष्यात खोचलेल्या, शिजल्यावर वर उडणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुणेवर तर मुळीच नाही. थर्मामीटर घ्याच. छातीच्या जाड भागात आणि मांडीच्या आतल्या बाजूला, हाडाला न टेकवता, १६५ अंश दिसले की झाली. छाती आधीच तांबूस झाली तर तेवढीच फॉइलने झाका.

बाहेर काढल्यावर निदान अर्धा तास कापू नका, रस मांसातच राहतो. आणि याच वेळात ओव्हन मोकळा! आदल्या दिवशी रचून ठेवलेले स्टफिंग (पावाच्या तुकड्यांचं सारण), रताळी, ग्रीन बीन कॅसरोल (फरसबीचा ओव्हनमधला पदार्थ) तेव्हा आत जातात. स्टफिंग पक्ष्यात भरू नका: तेही १६५ पर्यंत जावं लागतं, तोवर मांस वाळतं, शिवाय शाकाहाऱ्यांना चालत नाही.

ग्रेव्हीला २ कप रसाला ४ मोठे चमचे चरबी आणि ४ मोठे चमचे मैदा, मैदा परतल्यावर रस थोडाथोडा घाला. शाकाहाऱ्यांची लोणी आणि मशरूमच्या पाण्यात वेगळी करा. बटाटे मिक्सरमधून काढू नका, खळ होते.

शाकाहाऱ्यांच्या बाबतीत छुपे पदार्थ तपासा. रताळ्यांवरच्या मार्शमेलोत जिलेटिन असतं, तयार स्टफिंगमध्ये बहुधा चिकनचा रस, काही तयार पाय-क्रस्टमध्ये डुकराची चरबी. पंपकिन पायमध्ये अंडं असतं, ते चालतं का हे आत्ताच विचारा. त्यांच्यासाठी एक भरभक्कम पदार्थ करा, नुसत्या साइड डिशवर भागवू नका. गॅसवर होणारा असला तर उत्तम: मशरूम-मटार पुलाव किंवा भरली वांगी, दोन्ही या ताटात शोभतात.

उरलेलं मांस दोन तासांच्या आत हाडांवरून सोडवून उथळ डब्यांत फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस टिकतं. सांगाडा फेकू नका, त्याचा रस्सा काढा. आणि लोणी, क्रीम, फॉइल बुधवारपर्यंत आणून ठेवा. त्या गुरुवारी बरीच मोठी दुकानं बंद असतात.