बर्लेस्कला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: 'मावशी लंडनला असते. निवृत्त झाल्यावर बर्लेस्क शिकायला लागली. पोशाख स्वतः शिवते, कार्यक्रमही करते. घरच्यांना मराठीत काय सांगू? शब्दकोशात विडंबन दिलंय, बाबा कॅबरे म्हणतात.'

शब्दकोश चूक नाही, जुना आहे. इटालियनमध्ये 'बुर्ला' म्हणजे थट्टा. त्यावरून बुर्लेस्को, आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत बर्लेस्क. सतराव्या शतकात स्कारों या फ्रेंच कवीने व्हर्जिलच्या महाकाव्याची टर उडवली, तेव्हा त्याला बर्लेस्क म्हणत. आपल्याकडे केशवकुमारांनी कवींची उडवली, तीच जात. इथे विडंबन चपखल बसतं. पण १८६८ साली लिडिया थॉम्पसन आपला इंग्लिश संच घेऊन न्यूयॉर्कला गेली. बायका तंग विजारी घालून पुरुषांची सोंगं काढायच्या, कोट्या करायच्या. लोकांची नजर कोट्यांवरून पायांवर गेली आणि शब्दाचा अर्थही हळूहळू तिकडेच सरकला. पुढे अमेरिकेत कपडे उतरवणं त्यात आलं. १९३७ मध्ये महापौर ला गार्डियांच्या न्यूयॉर्कमध्ये थिएटरांचे परवाने गेले, जाहिरातीत हा शब्द छापायचीही बंदी झाली. १९९०च्या दशकात नव्या पिढीने तो पुन्हा उचलला. मावशीचा बर्लेस्क या घराण्यातला: एखादं पात्र, टोपणनाव, थोडी चेष्टा, आणि हातमोजा काढायला लागणारा भरपूर वेळ.

त्या वेळ काढण्याला मात्र मराठीत झकास शब्द आहे, हुलकावणी. उतरवण्यापेक्षा हुलकावणीला महत्त्व, म्हणून यात वय आड येत नाही. लास व्हेगासच्या बर्लेस्क हॉल ऑफ फेमच्या वार्षिक सोहळ्यात जुन्या कलावतींना मानाने रंगमंचावर आणतात. टेम्पेस्ट स्टॉर्म ऐंशी ओलांडूनही तिथे उभी राहिली होती.

बाबांचा कॅबरे हिंदी सिनेमातला. मूळ कॅबरे म्हणजे खाण्यापिण्याबरोबर करमणूक चालते ती जागा, किंवा तिथला कार्यक्रम. बर्लेस्क तिथे होऊ शकतो, एवढंच नातं.

'विलायती लावणी' म्हणायचा मोह होईल, तो आवरावा. अदा दोन्हीकडे आहे, कबूल. यमुनाबाई वाईकरांसारखी कलावती बसल्या जागी नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी एक ओळ किती परींनी सांगायची! पण लावणी आधी गायचं काव्य आहे, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या पोटापाण्याशी बांधलेली. लंडनमधल्या हौशी वर्गाला ते नाव चिकटवणं मला तरी पटत नाही.

तेव्हा बर्लेस्कच ठेवा. लिंग पुल्लिंगी: तो फार्स, तो तमाशा, तसा तो बर्लेस्क. सामान्यरूप करू नका. 'बर्लेस्काचा' कानाला खटकतं, 'बर्लेस्कचा' बरं. क्रियापद 'करणे': मावशी बर्लेस्क करते. 'नाचते' म्हटलं की शिवणकाम, सोंग, विनोद सगळं गळून जातं. करणारीला इंग्रजीत बर्लेस्कर असाही एक शब्द आहे, पण तो मराठीत आणलात तर कुणीतरी हमखास विचारेल, गाव कुठलं, कोकणातलं का?

आजीला सांगताना मी असं सांगेन: 'मावशी सोंग घेऊन नखऱ्याचे, विनोदी कार्यक्रम करते. त्याला तिकडे बर्लेस्क म्हणतात.' हातमोज्यांबद्दल तिने विचारलं, तर मावशीलाच फोन लावून द्या.