शंका-समाधान : काम सोपवायचं कसं?

मंडळीच्या (चर्चच्या) सेवेतल्या सहकाऱ्यांविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी चार या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळीत उपासना चालवणं, घरभेटी, तरुण संघ, हिशेब, अगदी खुर्च्या लावण्यापर्यंत सगळं दोघातिघांवर पडतं. उपासनेत अनेकदा आवाहन केलं. काही जण आले आणि दोन महिन्यांत गळाले. लोकांना सेवेची आवडच उरली नाही का?

उत्तर : आवडीला दोष देण्याआधी आवाहन तपासा. ‘सेवेसाठी पुढे या’ असं सगळ्यांना मिळून म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, हे शेजारच्याला चाललंय. जे येतात त्यांनाही नेमकं काय करायचं, किती दिवस, अडलं तर कोणाला विचारायचं, यातलं काही ठाऊक नसतं. पहिल्या अडचणीलाच ते मागे सरतात.

सुरुवात कागदापासून करा. दोन आठवडे तुम्ही तिघांनी जे जे केलं ते लिहून ठेवा, साधा फोन केला असेल तर तोही. मग प्रत्येक कामापुढे खूण करा : पाळकांनीच (पास्टरनीच) करायचं, थोडं शिकवल्यावर दुसरा करू शकेल, आजच सोपवता येईल. शेवटची खूण अपेक्षेपेक्षा जास्त कामांवर पडते.

बायबलमधल्या निर्गम १८ मध्ये लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायासाठी मोशेभोवती उभे असतात. त्याचा सासरा इथ्रो त्याला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायला सांगतो. अवघड तेवढं मोशेकडे यावं. हा भाग सर्वांना पाठ असतो. त्याच्या आधीची सूचना मात्र वाचताना निसटते : लोकांना आधी विधी व नियम शिकव, कसं वागावं ते दाखव. शिकवणं आधी, नेमणूक नंतर.

आता एकेकाला प्रत्यक्ष भेटून विचारा. ‘पुढचे तीन महिने दर रविवारी उपासनेआधी अर्धा तास येऊन माइक आणि स्पीकर लावाल का? पहिले चार रविवार मी सोबत असेन. तीन महिन्यांनी पुढचं तुम्ही ठरवा.’ मुदत दिली की होकार देणं सोपं जातं, आणि मुदतीनंतर थांबणाऱ्याला अपराधी वाटत नाही.

होकार आला की काम एका दमात अंगावर टाकू नका. उपासना चालवायला शिकवायचं असेल तर पहिल्या रविवारी त्याने फक्त पाहावं आणि क्रम तसा का लावला ते नंतर विचारावं. पुढच्या दोन रविवारी शास्त्रवाचन आणि सुरुवातीची प्रार्थना त्याची, बाकी तुमचं. त्यानंतर दोनदा पूर्ण उपासना त्याने चालवावी, तुम्ही समोर बसावं. मग एका रविवारी तुम्ही मुद्दाम दुसऱ्या कामाला जा. बहुतेक ठिकाणी पहिली आणि शेवटची पायरी गाळली जाते. पहिली गाळली तर माणूस चारचौघांत अडखळतो आणि पुन्हा उभा राहत नाही. शेवटची गाळली तर तो दहा वर्षांनीही मदतनीसच असतो. येशूने बारा जणांना आधी स्वतःजवळ राहण्यासाठी नेमलं (मार्क ३:१४), मग दोघादोघांना पाठवलं (६:७), आणि परतल्यावर त्यांनी काय केलं ते ऐकून घेतलं (६:३०). हे ऐकून घेणं तर फारच थोड्या मंडळ्यांत होतं.

आणखी एक ठेच नेहमीची : काम दिलं जातं, अधिकार दिला जात नाही. तरुण संघाच्या प्रमुखाला दहा प्रती छापायलाही पंचांची (मंडळीच्या कारभारी मंडळाची) परवानगी लागत असेल तर तो निरोप्याच झाला. किती रकमेपर्यंत न विचारता खर्च करता येईल, कोणता निर्णय त्याचा आणि कोणता मंडळाचा, हे लिहून द्या. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांची हयगय होत असल्याची कुरकुर उठली, तेव्हा ते काम पाहायला निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच माणसं त्या कामावर आली असावीत. तक्रार करणाऱ्याला टाळण्याची आपली सवय पाहता हा मुद्दा थोडा बोचणारा आहे.

प्रश्न : संडे स्कूलमध्ये माझी नवी मदतनीस गोष्ट लांबवते, मुलं चुळबुळ करतात आणि मला मध्येच वर्ग हातात घ्यावा लागतो. तिला वाईट वाटतं. काय करावं?

उत्तर : मध्ये घेऊ नका. मुलांसमोर एकदा वर्ग काढून घेतला की त्यांच्या लेखी तिचा शब्द हलका होतो. कोणी पडण्या-लागण्याचा धोका असेल तरच उठा.

गोष्ट लांबते कारण नवखी शिक्षिका पूर्ण अध्याय सांगायला बसते. तिला एकच प्रसंग आणि एकच मुख्य वाक्य निवडायला सांगा. ४० मिनिटांच्या वर्गात गोष्टीला १० ते १२ मिनिटं पुरतात. उरलेला वेळ गाणी, पाठांतराचं वचन, प्रश्न आणि हस्तकलेला. पहिले तीन आठवडे तिने फक्त गोष्ट सांगावी, हजेरी आणि शिस्त तुम्ही पाहा. आदल्या दिवशी तिने ती तुम्हाला घड्याळ लावून मोठ्याने सांगावी.

वर्ग संपल्यावर त्याच दिवशी, एकांतात, काय जमलं ते आधी आणि सुधारायची एकच गोष्ट नंतर सांगा. अपुल्लो नावाच्या उपदेशकाच्या शिकवणीत उणीव होती, तेव्हा प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी सभास्थानात त्याला अडवलं नाही. जवळ घेऊन अधिक नीट समजावलं (प्रेषितांची कृत्ये १८:२६).

आणि ती तयार झाली तरी वर्गात दोन मोठी माणसं असूद्या. मुलांच्या सुरक्षिततेसाठी हा नियम कोणासाठीही मोडायचा नाही.

प्रश्न : उपासनेत जमलेलं अर्पण मोजायला वर्षानुवर्षे एकच प्रामाणिक बंधू आहेत. दुसरा माणूस जोडला तर त्यांचा अपमान होईल का?

उत्तर : उलट त्यांना संरक्षण मिळेल. उद्या रक्कम जुळली नाही तर एकट्या माणसाकडे साक्षीदार नसतो. २ करिंथ ८ मध्ये प्रेषित पौल मदतनिधी आपला सहकारी तीत आणि आणखी बंधूंच्या हाती पाठवतो आणि कारणही सांगतो : कोणी दोष लावू नये. एकमेकांचे नातेवाईक नसलेले दोघे, मोजणी त्याच दिवशी, कागदावर दोघांच्या सह्या, शक्यतो पुढच्या कामकाजाच्या दिवशी बँकेत भरणा. जोड्या दर महिन्याला बदला. त्या बंधूंनाच नव्यांना शिकवायला सांगा.

प्रश्न : आम्ही तयार केलेली माणसं दुसऱ्या मंडळीत निघून जातात. मग एवढे कष्ट कशाला?

उत्तर : अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांनाच दुसरीकडे सेवेसाठी पाठवून दिलं (प्रेषितांची कृत्ये १३), म्हणजे हाताशी असलेले सर्वांत अनुभवी. रुसून गेलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याशी बोलून कारण विचारा, कारण तेच कारण पुढच्यालाही घालवतं.

पण एकाच्या जाण्याने काम ठप्प होत असेल तर दोष मांडणीत आहे. प्रत्येक कामाला एक करणारा आणि एक शिकणारा हवाच. २ तीमथ्य २:२ मध्ये पौल, त्याचा तरुण सहकारी तीमथ्य, विश्वासू माणसं आणि ती ज्यांना शिकवतील ते इतर, अशी चार पिढ्यांची साखळी एका वाक्यात आहे. म्हणून काम सोपवतानाच विचारा, ‘तुमच्यासोबत कोण शिकेल?’ प्रत्येक कामाची एक वही ठेवा : किल्ल्या कोणाकडे, कोणाला कधी कळवायचं, मागच्या वर्षी काय अडलं. जाणाऱ्याने ती वही नव्याच्या हाती द्यावी आणि शक्य असेल तर दोन रविवार त्याच्यासोबत काढावेत.